आकडी, टीव्ही गेम आणि शेजारची दोन मुले

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी एक ओळखीचे गृहस्थ आत आले आणि बसण्याआधी त्यांनी मागचे दार लोटून घेतले. तीस वर्षांच्या धंद्यात एवढे समजायला लागले आहे की, माणसाने दार लोटले म्हणजे एक तर आजार सांगण्यासारखा नसतो, नाहीतर घरात भांडण असते.

"डॉक्टरसाहेब, एक कागद हवाय," ते म्हणाले. "अमुक मुलाला मोबाइलवरच्या गेमचं व्यसन आहे, मनावर परिणाम झालाय, एवढंच लिहून द्या. तुमची सही आणि शिक्का असला की पुरे. बाकी मी बघतो."

तो मुलगा माझा पेशंट. म्हणजे लहानपणापासूनचा. वय आता तीस, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला, आईवडिलांना सांभाळतो. मी विचारले, "कागद दाखवायचा कुणाला?"

"आमच्या मुलीला. ती त्याच्याशीच लग्न करीन म्हणते."

मुलगीही माझी पेशंट. वाचकहो, या दोघांची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगतो आहे. आरोग्याच्या सदरात ही लग्नाची गोष्ट कुठून आली, असे काहींना वाटेल. ती माझ्या दवाखान्यातूनच आली आहे, आणि तिच्यात जो मोठा घोळ झाला त्याला सुरुवात मीच करून दिली होती.

२००९ ची दिवाळी. गावातल्या जुन्या आळीत ही दोन घरे भिंतीला भिंत लावून होती. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा चौदाचा. त्याच्या मामाने त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. पिवळ्या नाहीतर काळ्या रंगाची कॅसेट त्यात खुपसायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. आळीतली सगळी पोरे तिथे जमत. पण शेवटपर्यंत बसून राहणारी हीच दोघे. त्यांचा आवडता खेळ कॉन्ट्रा. त्यात दोघांना एकाच वेळी एका बाजूने लढता येते, आणि एकाचे सगळे जीव संपले तर तो दुसऱ्याच्या शिल्लक जीवांतला एक घेऊ शकतो. मुलाचे जीव आधी संपत. मग तो हिच्याकडे बघे, आणि ही म्हणे, "घे माझा एक." हे मला त्या मुलीनेच अलीकडे सांगितले, नाहीतर मला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही.

लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसा वीज नसे, ती आली की मुले टीव्हीला चिकटत. दिवाळीत किल्ला, फराळ, फटाके यांत चार रात्री धड झोप नाही. भाऊबीजेच्या रात्री अकरा वाजता, अंधाऱ्या खोलीत, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून दोघे खेळत होती. मुलगी एकाएकी ताठ झाली, डोळे फिरवले आणि हातपाय झाडू लागली.

पुढचे सगळीकडे होते तेच झाले. कुणी कांदा फोडला, कुणी पायातली चप्पल नाकाशी धरली, कुणी दातांत चमचा घातला. मी पोहोचलो तेव्हा आकडी थांबली होती, पोर गुंगीत होती आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. तो टवका आकडीने नव्हे, चमच्याने उडवला होता. मी तपासले, फेनिटॉइनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दारात उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर म्हणालो, "तो टीव्ही गेम पहिला बंद करा. त्याच्यानेच झालंय हे."

एवढे बोलून मी घरी गेलो. आळीत त्या रात्री आणि पुढचे आठ दिवस काय झाले ते मला नंतर कळले. मुलीच्या आईने तो गेम वायरसकट परसातल्या विहिरीत टाकला. मुलाच्या आईने, "तुमच्याच रक्तात रोग, आमच्या पोराला नावं ठेवू नका," असे भर चौकात सुनावले. मुलाला बापाने पट्ट्याने मारले. महिन्याभरात मुलीला मामाच्या गावी शाळेला पाठवले, आणि आळीत सांगितले की तिकडची शाळा चांगली आहे. दोन्ही घरांत जाणे-येणे, वाटीभर साखर, हळदीकुंकू, सगळे बंद पडले. मुलाला सांगितले गेले की, तुझ्यामुळे ती जन्माची आजारी झाली. डॉक्टरांनीच सांगितलंय.

डॉक्टरांनी म्हणजे मी.

आता यात वैद्यकीय खरे काय ते सांगतो. अपस्मार असलेल्या शंभर रुग्णांत साधारण तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने आकडी येऊ शकते. प्रकाश सेकंदाला तीन ते तीस वेळा चमकत असेल तर धोका असतो. वयात येणाऱ्या मुलांत, त्यातही मुलींत, ही संवेदनशीलता जास्त दिसते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवर पोकेमॉन या कार्टूनचा एक भाग लागला होता. त्यात लाल-निळा प्रकाश झपाझप चमकला आणि एका संध्याकाळी ६८५ जणांना, त्यातली बहुतेक मुले, रुग्णालयांत न्यावे लागले. तेव्हा पडद्याने आकडी येऊ शकते, हे खरेच. पण पडदा आजार निर्माण करत नाही. मेंदूतला मूळ कल आधीच असतो, पडदा तो उघड करतो. त्या मुलीला त्या रात्री नाहीतर दहावीच्या परीक्षेच्या जागरणानंतर आकडी आलीच असती. अंधारी खोली, जवळ बसणे, जुन्या टीव्हीचे थरथरणारे चित्र आणि चार रात्रींचे जागरण, या सगळ्यांत जागरणाचा वाटा लहान नव्हता. त्याबद्दल मी अवाक्षर काढले नाही.

आणखी एक चूक सांगायला हवी. मी तिच्या आईला एक प्रश्न विचारायचा राहिलो. सकाळी उठल्यावर हिचे हात अचानक झटकतात का? हातातून कप, दात घासायचा ब्रश उडतो का? आई रोज तिला "वेंधळी" म्हणून रागवत होती. चहाचे दोन कप आणि एक काचेचा ग्लास त्या वर्षी फुटला होता. कुमारवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचा एक प्रकार असा सकाळच्या झटक्यांनीच ओळखू येतो, आणि त्याला फेनिटॉइन हे योग्य औषध नाही, झटके त्याने वाढूही शकतात. पुढच्या वर्षी मामाने तिला शहरात मेंदुविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी हाच प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला, मेंदूचा आलेख काढला, औषध बदलले. त्यानंतर तिला मोठी आकडी आलेली नाही. तज्ज्ञांचे पत्र माझ्याकडे आले, ते मी वाचले आणि फाइलमध्ये ठेवून दिले.

मुलगा मधूनमधून ताप-खोकल्याला येतच होता. बारावीत असताना एकदा औषध घेऊन झाल्यावर तो उठेना. मग खाली बघत म्हणाला, "काका, ती बरी आहे का?" पत्र माझ्या मागच्या कपाटात होते. तिची माहिती तिसऱ्याला देऊ नये, हा आमचा नियम. तो मी पाळला म्हणायला हरकत नाही. पण "गेम खेळल्याने कुणाला हा आजार जडत नाही, तुझी काही चूक नव्हती," एवढे सांगायला कुठला नियम आड येत होता? मी म्हणालो, "तू अभ्यासाकडे बघ."

पुढे २०२० साल, टाळेबंदी. सगळी तरुण मुले घरात अडकलेली आणि मोबाइलवर पब्जी खेळणारी. शाळेतल्या जुन्या मित्रांनी चौघाचौघांचे गट केले होते. खेळाडू टोपणनावांनी खेळतात, पण माइकवर बोलणे चालू असते. एका रात्री मुलाचा खेळाडू मारला गेला आणि कानात एक बाईमाणसाचा आवाज आला, "घे माझा एक." त्या खेळात जीव उसना घेता येत नाही. बाकीच्या दोघांना काही कळले नाही, ते हसले. हा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने फक्त विचारले, "खोलीत दिवा लावलायस का?"

अकरा वर्षे तो मुलगा अंधाऱ्या खोलीत कुणाला टीव्ही बघू देत नव्हता, हे त्याच्या आईने मला सांगितले आहे.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरपासून तो खेळ आपल्याकडे चालेनासा झाला. तोवर खेळाच्या आडून बोलत होती, आता आडोसा राहिला नाही. तिने फोन नंबर दिला. पहिल्याच फोनवर तिने त्याला आजाराचे नाव, गोळ्यांचे नाव, सकाळचे झटके, सगळे सांगितले आणि म्हणाली, "तुझ्यामुळे नाही झालं ते." जे मी सांगायला हवे होते ते तिने सांगितले.

तर मूळ मुद्दा, कागदाचा. तिच्या वडिलांना मी तो दिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार १ जानेवारी २०२२ पासून आहे, हे खरे. पण तो ठरवायचा कसा, हेही तिथे सांगितले आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवण-झोप-काम-माणसे यांच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने चालते. अशी मुले मी पाहिली आहेत. एकाचे कॉलेज सुटले, आईच्या अंगावर तो धावून गेला, त्याला मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन जुगार तर वेगळेच प्रकरण. त्यांत दोन घरे बसलेली माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांच्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला ते बरेच झाले. पण हा मुलगा पाळी करून येतो, जेवतो, तासभर खेळतो आणि झोपतो. याला व्यसनी म्हणायचे तर आमच्या क्लबात दर रविवारी सकाळी दहापासून रमी कुटणाऱ्या मंडळींना आधी भरती करावे लागेल. त्यात दोन डॉक्टर आहेत.

मी वडिलांना विचारले, "खरं सांगा, अडचण काय आहे? जात एक, पत्रिका जमते, मुलगा मिळवता आहे."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुण्याचं एक स्थळ आलंय. त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि या घराला सगळं माहीत आहे. ज्यांनी बघितलंय त्यांच्या घरात माझी मुलगी कायम मान खाली घालून राहील, डॉक्टर."

बापाचे हे बोलणे खोटे नव्हते. आपल्याकडे मुलीच्या आकडीची बातमी फुटली की स्थळे फिरतात, हे मी नाकारत नाही. पण माझे मत नेमके उलट आहे, आणि ते मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही.

वीसएक वर्षांपूर्वी एका मुलीचे लग्न असेच लपवून झाले. मुलीला आईने बजावले, गोळ्या कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस. तिने त्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवल्या. हळद, लग्न, वरात, जागरण-गोंधळ, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. सासरी पाहुण्यांनी भरलेले घर, ट्रंक उघडायला एकांत नाही. चार दिवस गोळी पोटात गेली नाही. पाचव्या दिवशी देवदर्शनाला गेले असता पायऱ्यांवरच आकडी आली. आकडीच्या गोळ्या एकाएकी बंद करणे आणि वर जागरण, याहून आकडीला चांगले आमंत्रण नाही. ती महिन्याभरात माहेरी आली ती आलीच. आता भावाकडे राहते, ब्लाऊज शिवते, औषध नियमित घेते आणि तिला वर्षानुवर्षे एकही आकडी नाही. तिचे लग्न आजाराने मोडले नाही. लपवल्याने मोडले.

पूर्वी कायदाही या लोकांच्या विरुद्ध होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांना वेडाच्या झटक्यांच्या पंगतीला बसवले होते, आणि असे झटके येणाऱ्याचे लग्न कोर्टात रद्द होऊ शकत असे. १९९९ मध्ये तो शब्दच कायद्यातून काढून टाकला. आता अपस्मार हा लग्नाला कायद्याने अडथळा नाही. लपवाछपवी केली तर मात्र फसवणूक झाली म्हणून समोरचा भांडू शकतो. सांगून केलेल्या लग्नात ती टांगती तलवार नसते. कायदा बदलून पंचवीस वर्षे उलटली, पण आपल्या आळीपर्यंत ही बातमी अजून आली आहे असे वाटत नाही.

हे सगळे मी त्यांना सांगितले आणि शेवटी म्हणालो, "पुण्याच्या मुलाला तुम्ही लपवून द्याल. या मुलाने ती आकडी डोळ्यांनी बघितली आहे, अकरा वर्षं तिचं ओझं वाहिलं आहे, आणि तरीही तो तिलाच मागतोय. तिला रात्री वेळेवर झोपवणारा नवरा हवा. असा माणूस मी शोधून आणला असता तर तुम्ही माझे पाय धरले असते." शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. ते उठून गेले.

चार दिवसांनी मुलगी स्वतः आली. बरोबर मुलाची आई. मुलगी म्हणाली, "काका, यांना जे विचारायचंय ते विचारू दे, तुम्ही सगळं सांगा." तिच्या तोंडून परवानगी मिळाल्यावर मी फाइल उघडली.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. मुले होतील का, आणि मुलांना हे होईल का? मुले होतात. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. आईला आजार असला तर मुलात त्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. मात्र गोळी कोणती चालू आहे याला फार महत्त्व आहे. व्हॅल्प्रोएट हे औषध आकडीवर उत्तम असले तरी गर्भाला त्याचा धोका असतो, म्हणून या मुलीचे औषध तज्ज्ञांनी आधीच हळूहळू बदलून दिले आहे आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली आहे. इथे एक विनंती. दिवस गेले असे कळल्यावर घाबरून आकडीची गोळी एकदम बंद करणाऱ्या मुली दरवर्षी माझ्याकडे येतात. तसे कधीही करू नये. आकडीचा आईला आणि बाळाला होणारा धोका फार मोठा असतो. औषधातला बदल लग्नाआधी, दिवस जाण्याच्या आधी, तज्ज्ञांकडून करून घ्यायचा.

दुसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला. "आली तर आम्ही काय करायचं?"

मी त्यांना दवाखान्यातल्या सतरंजीवर करून दाखवले. आजूबाजूचे टोकदार सामान दूर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काही उपयोग नाही. आकडी एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच दवाखाना. आणि पडद्याकडे बघताना कसेसे वाटू लागले तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतूनही प्रकाश जातो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून तोंड फिरवायचे.

बाईंनी कुशीवर वळवायचे दोनदा करून बघितले. मग मुलीच्या पुढच्या दाताकडे बघत म्हणाल्या, "चमचा मीच घातला होता गं." मुलगी म्हणाली, "माहीत आहे मला." दोघी हसल्या की रडल्या, ते मी नीट बघितले नाही. मी हात धुवायला आत गेलो होतो.

गेम खेळावा की नाही, हेही मुलीने विचारून घेतले. तिच्या तज्ज्ञांनी तिला मोकळीक दिली आहे आणि माझेही तेच मत आहे. दिवा लावून, पडदा लांब धरून, मधे मधे उठून. रात्री साडेदहानंतर नाही, आणि प्रवासाहून किंवा जागरणाहून आल्यावर त्या दिवशी तर मुळीच नाही. प्रकाशाची संवेदनशीलता प्रत्येक रुग्णात नसते, ती मेंदूच्या आलेखात कळते. तेव्हा ज्यांना आकडीचा त्रास आहे त्यांनी माझ्या या वाक्यावर न जाता आपापल्या डॉक्टरांना विचारावे.

लग्न मार्गशीर्षात झाले. मुहूर्त सकाळी सव्वाअकराचा धरला. गोंधळाला मुलाच्या आजीचा आग्रह होता, तो लग्नानंतर पंधरा दिवसांनी घातला, आणि त्या रात्री नवी सून दहा वाजता माडीवर झोपायला गेली. पाहुण्यांत कुजबुज झाली. सासूने, "तिला डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय, तुम्ही संबळ ऐका," म्हणून विषय संपवला.

मुलीचे वडील लग्नात माझ्याशी बोलले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी अजून कंपाउंडरच्या हातूनच मागवतात. गेल्या महिन्यात त्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहिले होते: ती फॉलिक ॲसिडची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? मी "केव्हाही चालेल, पण रोज" असे लिहून परत पाठवले आहे.